बारा डॉलरचं ताट

रोलंड हौगनला त्या कादंबरीतली गोष्ट फारशी आठवत नसे. कुठल्याशा नदीला पूर येतो, एका पिठाच्या गिरणीचा मालक गिरणीच्या छपरावर चढतो, आणि होड्यांतून जीव वाचवायला निघालेल्या गावाला पैसा आणि नीती या विषयावर भाषण देतो, एवढं मात्र पक्कं. भाषण संपेपर्यंत पाणी वाढत नाही. कादंबरीत अशी आणखी बरीच भाषणं आहेत. त्यांच्या मधल्या जागेत काही लोक लग्नं करतात आणि काही बुडतात. ती पानं रोलंडने तरुणपणी एकदा वाचली होती, पुन्हा वाचायची गरज पडली नाही. भाषणं मात्र त्याने इतक्यांदा वाचली होती की पुस्तक हातात घेतलं की ते आपणहून तिथेच उघडे.

'दोन माणसांमधला एकमेव प्रामाणिक शब्द म्हणजे किंमत,' असं गिरणीवाला छपरावरून म्हणतो. 'मी तुला किंमत सांगतो तेव्हा तुला माझ्या बरोबरीचा मानतो. फुकट देणारा आधी समोरच्याला लहान करतो आणि मगच हात पुढे करतो.' फर्नेस, म्हणजे घर ऊबदार ठेवणारी भट्टी, दुरुस्त करायला शिकवणाऱ्या शाळेत असताना, वसतिगृहाच्या खाटेवर रोलंडने हे वाचलं, आणि कुणीतरी गर्दीतून आपल्याला नाव घेऊन हाक मारावी तसं त्याला वाटलं. त्याचे वडील आयुष्यभर शेजाऱ्यांची कामं 'राहू दे रे, बघू नंतर' म्हणत करत आले होते. ते 'नंतर' ते जिवंत असेपर्यंत काही आलं नाही. त्यांच्या दफनाला मात्र अख्खं गाव आलं आणि प्रत्येक जण काहीतरी शिजवून घेऊन आला. रोलंडने त्या हॉटडिशच्या भांड्यांच्या रांगेकडे पाहिलं आणि ठरवलं की आपण हिशेब जागच्या जागी करायचा.

तो त्याने केला. टॅमरॅक हे उत्तर मिनेसोटातलं गाव. जानेवारीत पारा शून्याखाली तीस गेला आणि घरची फर्नेस बंद पडली की माणूस काय मागाल ते द्यायला तयार होतो. अशा वेळीसुद्धा रोलंड हत्यारांची पेटी उघडायच्या आधी दर सांगे, आणि तो दर जुलैत असे तोच असे. कुणाला डॉलर जास्त लावला नाही, कुणाला डॉलर सोडला नाही. गावात त्याचं नाव चांगलं होतं. त्याच्या विचारांना मात्र गावाने कधी नावंसुद्धा ठेवली नाहीत, आणि त्याचं खरं दुखणं तेच होतं.

तीस वर्षं तो ती भाषणं लोकांना ऐकवत आला होता. कॉफीच्या दुकानात, फर्नेसखाली पालथा पडलेला असताना, मासे धरायला गोठलेल्या तळ्यावर बसलेला असताना. शाळा संपवणाऱ्या प्रत्येक मुलाला गावात पाकिटात घालून पैसे देतात. रोलंड ती कादंबरी देई, भाषणांवर पिवळ्या शाईने खूण करून. कुणी त्याच्याशी सहमत झालं नाही, कुणी भांडलंही नाही. टॅमरॅकमध्ये भांडायची पद्धत नव्हती. लोक ऐकून घेत, खिडकीबाहेर बघत आणि म्हणत, "हं. जरा वेगळंच आहे." या भागात एखाद्या पदार्थाला, सुनेला किंवा विचाराला 'वेगळंच आहे' म्हटलं की त्याच्यापुढे वाईट शब्द उरत नाही. पण म्हणणारा ते इतक्या गोडीने म्हणतो की उलट उत्तर देता येत नाही. तुम्ही मुठी आवळून उभे राहावं आणि समोरच्याने तुमच्या मुठीत पेढा ठेवावा, तशी रोलंडची तीस वर्षं गेली.

मग त्याच्या बायकोचा, मार्लिसचा, खुबा गेला.

जायला तो दोन वर्षं निघालाच होता. आधी काठी आली, मग वॉकर आला, मग जिना चढणं बंद झालं आणि मार्लिस बैठकीच्या खोलीतल्या आरामखुर्चीत झोपू लागली. डॉक्टर म्हणाले, सांधा बदला, दुसरा इलाज नाही. रोलंडचा विमा होता. पण स्वस्तातला होता, म्हणजे आधीचे कित्येक हजार डॉलर स्वतःच्या खिशातून गेल्याशिवाय तो जागा होत नसे. विकत घेताना रोलंडला हे फार स्वाभिमानी वाटलं होतं. मधे दोन हिवाळे उबदार गेले, फर्नेस बंद पडल्या नाहीत, आणि खिशात तेवढे हजार उरले नाहीत. इस्पितळाने फेब्रुवारीअखेरची तारीख दिली आणि तारखेआधी रक्कम भरा म्हणून सांगितलं. ही तारीख गेली तर पुढची जुलैत होती.

आर्डिस नटसन दुसऱ्याच दिवशी आली. आर्डिस म्हणजे लूथरन चर्चमधल्या बायकांच्या समितीची अध्यक्ष. रोलंडच्या वर्गातली, त्यामुळे त्याचं काही ऐकून घ्यायची तिला सक्ती नव्हती. तिने लिंबाच्या वड्यांचा ट्रे टेबलावर ठेवला, हवेबद्दल बोलली, रस्त्यावरच्या बर्फाबद्दल बोलली, आणि दारात बूट चढवता चढवता म्हणाली की दुसऱ्या शनिवारी चर्चच्या तळघरात मार्लिससाठी मीटबॉलचं जेवण ठेवलंय.

रोलंड म्हणाला, ठेवायचं नाही.

हे असं जेवण गावात नवं नव्हतं. कुणाचा गोठा जळला, कुणाला कर्करोग झाला की समिती जेवण घालते. ताटाला किंमत नसते. दाराशी आइस्क्रीमची रिकामी बादली ठेवलेली असते, ज्याला जे वाटेल ते त्याने त्यात टाकायचं, आणि टाकताना दुसरीकडे बघायचं. रोलंड अशा प्रत्येक जेवणाला गेला होता. दर वेळी तो आर्डिसला विचारी की ताटाचा खर्च किती आला, आणि बरोबर तेवढेच बादलीत टाकी. आर्डिस दर वेळी खोटा आकडा सांगे, कारण खर्च कुणी मोजलेलाच नसे.

मार्लिसने या विषयावर एकदाच तोंड उघडलं. ती म्हणाली, "तीस वर्षं प्रत्येकाच्या जेवणाला मी बटाटे सोललेत, रोलंड. आता माझी पाळी आहे."

रोलंड म्हणाला की पाळी हा व्यवहार होत नाही. कोणी किती सोलले, त्याच्या बदल्यात किती मिळणार, हे आधी ठरलेलं असलं तर व्यवहार. नाहीतर ती भीक, फक्त तिच्यावर साय घातलेली. गिरणीवाल्याने याचं फार सुंदर उत्तर दिलं आहे, थांब, वाचून दाखवतो.

"गिरणीवाल्याचा खुबा कसा होता?" मार्लिसने विचारलं.

रोलंडला आठवेना. तिने त्याला शेकायची पिशवी गरम करून आणायला सांगितली. ती आणून देताना त्याने तिचा चेहरा पाहिला. खुर्चीत कूस बदलताना तिने दात आवळले होते, आणि त्याला ते दिसू नये म्हणून मान भिंतीकडे वळवली होती. रोलंड दुष्ट माणूस नव्हता. तो रात्रभर छताकडे बघत पडला आणि सकाळी त्याला तोडगा सापडला. जेवण व्हायला हरकत नाही. ताटाला किंमत लावायची. मग ते दान राहत नाही, खानावळ होते. समिती जेवण विकणार, गाव विकत घेणार, नफा मार्लिसला जाणार. कुणी कुणापेक्षा लहान नाही.

समितीपुढे त्याने हे अर्धा तास मांडलं. नऊ बायका विणकाम करत ऐकत होत्या. आर्डिस म्हणाली की आजपर्यंत कधी किंमत लावली नाही. रोलंड म्हणाला, म्हणूनच. त्याने बारा डॉलर सुचवले. काल त्याने तालुक्याच्या गावी जाऊन हॉटेलात मीटबॉलचं ताट काय पडतं ते बघून ठेवलं होतं. आर्डिसने विचारलं, कुणाची हरकत? हरकत प्रत्येकीची होती. पण ज्या माणसाची बायको दुखण्यात आहे त्याला तोंडावर नाही म्हणायचं ही गोष्ट त्या तळघरात पूर्वी घडली नव्हती. ठराव एकमताने मंजूर झाला. एक बाई जाता जाता एवढंच म्हणाली, "वेगळंच आहे, रोलंड." रोलंड इतका खुशीत होता की त्याला ते कौतुक वाटलं. पाटी त्याने स्वतःच्या खर्चाने रंगवून आणली: ताट बारा डॉलर.

शनिवारी साडेचारलाच तळघर भरलं. या भागात रात्रीचं जेवण उजेडी उरकतात. बाहेर अंगावर येणारी थंडी होती, आत ओल्या लोकरीचा, ग्रेव्हीचा आणि कॉफीचा वास होता. लेफसेच्या, म्हणजे बटाट्याच्या पोळ्यांच्या, चवडी लागल्या होत्या. मार्लिसला व्यासपीठाजवळ उशीच्या खुर्चीत बसवलं होतं. पास्टरबाईंनी प्रार्थना म्हटली आणि मग रोलंड दोन शब्द बोलतील असं सांगितलं.

रोलंडने खिशातून पुस्तक काढलं.

भाषण त्याने बेतशीर कापून आणलं होतं, तरी बराच वेळ लागला. बायकांनी झाकणं उघडली नव्हती. बोलणाऱ्याचं होईपर्यंत वाढायचं नाही ही रीत. त्यामुळे दोनशे भुकेली माणसं रोलंडकडे टक लावून बसली होती. कॉफीच्या दुकानात लोक खिडकीबाहेर बघत. तळघराला खिडक्या नव्हत्या. आयुष्यात पहिल्यांदाच लोक आपलं ऐकताहेत हे रोलंडला दुसऱ्याच परिच्छेदाला जाणवलं, आणि तो आणखी सावकाश वाचू लागला. 'फुकट देणारा आधी समोरच्याला लहान करतो,' हे त्याने पुस्तकातून मान वर काढून म्हटलं. मागच्या टेबलांवर माना हलल्या. संपल्यावर टाळ्या पडल्या, आणि टॅमरॅकमध्ये टाळ्या नाताळच्या नाटकालाच पडतात.

रांग सुरू झाली तसा रोलंड दाराशी, बादलीजवळ जाऊन उभा राहिला. व्यवहार होताना त्याला बघायचा होता.

व्यवहार होत होता. माणूस पन्नासची नोट काढी, बादलीवर धरी, पाटी वाचे, रोलंडकडे बघून जरा ओशाळं हसे आणि अडतीस परत मागे. जोडपं शंभराची नोट देई आणि शहात्तर घेऊन जाई. एका म्हातारबुवांनी घरून दुमडून आणलेला चेक पुन्हा खिशात घातला, बारा डॉलर सुटे मोजून दिले आणि "बरोबर बोललास" म्हणून रोलंडचा दंड दाबला. पहिल्या पाऊण तासातच सुटे संपले. समितीने पास्टरबाईंना पेट्रोल पंपावर सुटे आणायला पिटाळलं. मदतीच्या जेवणाला बादलीतून पैसे बाहेर काढावे लागण्याची ही पहिलीच वेळ होती. बादली भरायची तशी भरे आणि पुन्हा उतरे.

आर्डिसने स्वयंपाकघराच्या दारातून त्याला खुणेने बोलावलं. मांस, बटाटे, लोणी यांचा खर्च वजा जाता काय उरतंय ते तिने सांगितलं. या खेपेला आकडा खरा होता. इस्पितळाला भरायचं होतं त्याच्या निम्म्यावरही तो जात नव्हता.

"पाटी काढ," रोलंड म्हणाला.

"ठराव झालाय ना. बदलायला पुढची सभा लागते. मार्चमध्ये आहे."

"आर्डिस, पाटी आहे ती. खिळ्याला टांगलेली."

"निम्म्या लोकांनी बारा दिलेत. आता पाटी काढली तर ते काय समजतील? तूच म्हणालास, सांगितलेली किंमत बदलतो तो चोर." तिने हात पुसले. चेहऱ्यावर काही नव्हतं. शाळेपासून तिच्या चेहऱ्यावर कधी काही नसे. "चांगलं वाचलंस तू. मला पूर्वी कळलं नव्हतं ते आज कळलं."

तेव्हा रोलंड लाइल ब्रेकीकडे गेला. लाइल बीटची शेती करणारा, गावातला बऱ्यापैकी पैसेवाला. अशा प्रत्येक जेवणाला तो घडी घातलेली शंभराची नोट टाकतो आणि कुणी बघितलं नाही असं समजतो, हे सगळ्या गावाला माहीत होतं. रोलंड त्याच्या समोर बसला. आधी बर्फाबद्दल बोलावं लागलं, मग लाइलच्या ट्रॅक्टरबद्दल. मग रोलंड म्हणाला की दाराशी बादली आहे, आणि कुणाला बाराच्या वर काही टाकावंसं वाटलं तर, म्हणजे, तशी मनाई नाही.

लाइलने मीटबॉल गिळला. "मी शंभर टाकणार होतो. मग तुझं ऐकलं. म्हटलं, बघा, आपण रोलंडला कमी लेखायला निघालो होतो."

"तसं नाही, लाइल."

"तूच वाचलंस. फुकट देणारा आधी समोरच्याला लहान करतो. इतकी वर्षं मी देत आलो, मला कुणी सांगितलंच नाही हे."

"इथे ते लागू होत नाही."

"का?"

या 'का'ची रोलंडने तीस वर्षं वाट पाहिली होती. त्याची उत्तरं तयार होती, पाठ होती, पिवळ्या शाईने खूण केलेली होती. पण सगळी पलीकडच्या बाजूची. आपल्याला कुणी खोडून काढायला आलं तर काय म्हणायचं ते त्याला माहीत होतं. स्वतःला खोडून काढायचं तर सुरुवात कुठून करतात ते गिरणीवाल्याने सांगितलं नव्हतं.

"मार्लिस आहे म्हणून," तो म्हणाला.

"मग मार्लिसला लहान करू? ते तर वाईटच की रे."

"अरे लाइल, कादंबरी आहे ती."

लाइलने काटा खाली ठेवला. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "म्हणजे खरं नाही ते?"

"खरं आहे."

"मग?"

लाइलला त्याची दया आली असावी. त्याने समजुतीने सांगितलं की घाईत ठरवण्यासारखी ही गोष्ट नव्हे. मुलीने शाळा संपवली तेव्हा रोलंडने दिलेली प्रत घरी आहे, टीव्हीचा पाय तिच्यावर टेकवलाय, पण काढता येईल. तो आधी सगळी वाचून काढेल, मग दोघं बसून बोलतील. "पेरणीच्या आधी होईल वाचून," तो म्हणाला. "तुझ्या भाषणाने माणूस विचारात पडतो, हे मात्र खरं."

रोलंडच्या पाठीमागे वॉकरच्या पायांचा खट खट आवाज आला. मार्लिस खुर्चीतून उठून तळघराच्या या टोकापर्यंत चालत आली होती. तिच्या वरच्या ओठावर घाम होता. रोलंड तिला धरायला उठला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"लाइल, शंभर म्हणालास ना?"

"हो, म्हणालो खरा. पण मग—"

"दे."

लाइलचा हात पाकिटाकडे इतक्या झटकन गेला, जणू कुणीतरी त्याला ओझ्याखालून सोडवलं होतं. "दाराशी दिलेले बारा त्यातून वजा करायचे का?" त्याने विचारलं. ही चेष्टा नव्हती. आज दिवसच तसा होता.

"नको," मार्लिस म्हणाली.

"तू असं सरळ मागितलंस म्हणजे प्रश्नच नाही," लाइल म्हणाला, आणि थोडं थांबून आणखी एक नोट काढली.

मार्लिसने दोन्ही नोटा रोलंडच्या हातात दिल्या. "बादली आण," ती म्हणाली.

"अगं, तू बस. मी बोलतो सगळ्यांशी."

"तू बोललास. आता बादली धर."

त्याने ती आणली. ती पुढच्या टेबलाशी गेली, वॉकर टेकवला आणि म्हणाली, ऑपरेशनला पैसे कमी पडताहेत, द्या. एवढंच. त्यापुढच्या टेबलाला तेच. आवाज चढवला नाही, उतरवला नाही. जानेवारीत रोलंड दारात उभा राहून दर सांगतो तशी ती सांगत होती. टॅमरॅकच्या इतिहासात कुणी असं तोंडाने मागितलं नव्हतं. लोक क्षणभर आपल्या ताटाकडे बघत, मग सुटका झाल्यासारखे खिसे चाचपत. मघाशी परत घेतलेले अडतीस, परत घेतलेले शहात्तर, दुमडलेला चेक. टाकताना प्रत्येक जण मार्लिसला 'लवकर बरी हो' म्हणे, आणि मग शिष्टाचार म्हणून रोलंडकडे वळून भाषणाची स्तुती करी. रोलंडला दर वेळी त्यांना अडवून सांगावंसं वाटे की तुम्ही काय करताय ते बघा, माझं पटलं म्हणता आणि त्याच हाताने हे टाकता, दोन्हींतलं एक काहीतरी ठरवा. पण दर वेळी मार्लिस पुढच्या टेबलाकडे निघालेली असे, आणि तिचा पाय अडखळलाच तर मागे कुणीतरी असायला हवं होतं.

शेवटच्या टेबलापर्यंत पोचायच्या आतच आर्डिसने लांबून, स्वयंपाकघराच्या दारातून, नजरेनेच बादली मोजली आणि मान हलवली. रक्कम पुरी होईल म्हणून. मार्लिस तरीही थांबली नाही. शेवटच्या टेबलावर बसलेल्या म्हाताऱ्या शिक्षिकाबाईंनी वीसची नोट टाकली आणि रोलंडला बाहीला धरून थांबवलं. ते लहान करण्याबद्दलचं वाक्य फार छान होतं, त्या म्हणाल्या. नातवाला पाठवायचंय, या कागदी रुमालावर लिहून देशील का, पेन आहे माझ्याकडे.

रोलंड म्हणाला की सध्या त्याचे हात मोकळे नाहीत.